आपल्या वाटेवरची रणभूमी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आमच्या पाचसहा जणांच्या भटकंतीबद्दल बोला, असं कार्यकारिणीने सुचवलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटलं. एक तर या व्यासपीठावर मोठमोठे वक्ते बोलून गेलेले आहेत. दुसरं असं की लोक सुट्टीत मनालीला जातात, केरळला जातात. आम्ही जातो ती ठिकाणं जुन्या लढायांची. तिथे पाहायला बहुधा काही नसतं. एखादा स्तंभ, एखादी पडकी छत्री, नाही तर नुसतं शेत. घरचे विचारतात, "काय पाहिलंत?" आणि आम्ही सांगतो, "मोहरी चांगली आली आहे."

पण मग वाटलं, हा विषय आपल्याच अंगणातला आहे. आपल्या गावाचं नावच मुळी लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उठले, वाड्यांभोवती बाजार बसले, आणि तळाचं शहर झालं. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. जिंसी म्हणजे मोठा तोफखाना. शिंदे की छावणी तर सरळच छावणी. आपण रोज "कंपूवर भेटू", "जिंसी नाल्यावरून भाजी आणतो" म्हणतो, पण त्या कंपूतली माणसं गेली कुठे, हे विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो. विचारायला लागलो ते एका श्राद्धामुळे.

आता दहाबारा दिवसांत पितृपंधरवडा लागेल. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात "शस्त्रादिहत पितृश्राद्ध" असं छापलेलं असतं. म्हणजे शस्त्राने, घातपाताने जे गेले, त्यांची ही तिथी. आमच्यातल्या एकाच्या घरी या दिवशी एक पान वाढलं जातं. कोणासाठी, तर आजी सांगायच्या, "यांच्या आजोबांचे आजोबा लढाईत गेले, त्यांच्यासाठी." यांच्या म्हणजे आजोबांच्या. नाव काय? नाव कोणालाच माहीत नाही. भटजी दरवर्षी विचारायचे आणि दरवर्षी "नाव ठाऊक नाही" हेच उत्तर मिळायचं. लढाई कोणती? तर पानिपत. आजींना एवढंच पक्कं होतं की पौषातली अष्टमी होती आणि थंडी मरणाची होती.

मंडळी, आपल्यापैकी कुठल्याही घरात विचारा, पूर्वज लढाईत गेले असतील तर ते पानिपतावरच गेलेले असतात. त्यात खोटेपणा नाही. पानिपतानंतर घराघरांत रडारड झाली, हे खरंच आहे. शिंद्यांच्या घराण्यातले दत्ताजी आधी बुराडीच्या घाटावर पडले, जनकोजी पानिपतानंतर मारले गेले, महादजी पायाला जखम घेऊन परत आले. म्हणून आम्ही आधी पानिपतालाच गेलो.

तिथे काला आंबचा स्तंभ आहे. आता छान बाग केली आहे, आणि दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून, हरियाणातून माणसं जमतात. आम्ही हात जोडून उभे राहिलो. गर्दी नव्हती. गवतावर बसून डबा उघडला आणि आमच्यातल्या एकाने बोटांवर पिढ्या मोजायला सुरुवात केली. आजींच्या यजमानांचा जन्म १९२२ चा. त्यांचे आजोबा १८७० च्या आगेमागे जन्मलेले. त्या आजोबांचे आजोबा फार तर १८१० ते १८२० मधले. पानिपत झालं १७६१ ला. हिशेब साठ वर्षांनी चुकत होता! पुरणपोळीचा घास हातात तसाच राहिला. मित्राला जरा वाईटच वाटलं. पानिपत हातचं गेलं, आता कुठे शोधायचं?

आजींनी सांगितलेली एकच गोष्ट उरली होती, पौषातली अष्टमी. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमीच, शके १६८२. म्हणून घरात पानिपत रुजलं असणार. पण १८१० नंतर आपल्या या लष्करातून जी फौज थंडीत लढायला बाहेर पडली आणि मोठी कत्तल झाली, अशी लढाई कोणती? १८५८ ची धामधूम जूनमधली, ऐन उन्हाळ्यातली. उरतं १८४३ सालचं २९ डिसेंबर. आम्ही जुन्या पंचांगाची कोष्टकं काढून बसलो. शके १७६५, महिना पौष, शुक्ल पक्ष, आणि तिथी अष्टमीच्या सुमाराची! तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

१८४३ ची लढाई आपल्या शाळेत दोन ओळींत संपायची. म्हणून थोडक्यात सांगतो. त्या वर्षी फेब्रुवारीत जनकोजीराव महाराज वारले. मूल नव्हतं. महाराणी ताराबाई स्वतः बारातेरा वर्षांच्या. त्यांनी दत्तक घेतलेले जयाजीराव आठेक वर्षांचे. कारभार कोणी करायचा यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात ओढाताण सुरू झाली. इंग्रज गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो याला हेच निमित्त हवं होतं. पंजाबात शीख खालसा सैन्य उभं होतं, ग्वाल्हेरला शिंद्यांचं, आणि ही दोन्ही एक झाली तर काय, ही त्याची धास्ती. त्याने खासगीवाल्यांना ताब्यात मागितलं. ते दिले गेले. तरी फौज चंबळ उतरून आत आलीच. महाराणी आणि बाळ महाराजांनी हिंगोन्याला जाऊन एलनबरोची भेट घ्यायची, असं ठरत होतं, पण आपल्या सैन्याने ती होऊ दिली नाही. दोन मुलांच्या नावाने चाललेलं राज्य, आपसात भांडणारे कारभारी, आणि मागे न हटणारं सैन्य, अशी ती परिस्थिती.

२९ डिसेंबरला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. उत्तरेला महाराजपूर, दक्षिणेला पनिहार. महाराजपूर म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. आम्हीही आधी तिथेच चौकशी केली! पण लढाईचं महाराजपूर ते नव्हे. ते मुरैन्याजवळचं. इंग्रजांच्या कागदांत "चौंडा" नावाचं गाव येतं, आसन नदीकाठचं. आम्ही बरेच दिवस चौंडा शोधत होतो. मग लक्षात आलं, अरे, हे तर आपलं छौंदा! आग्रा-दिल्लीला जाताना आपण जिथे टोल भरतो ते छौंदा. "किती वाढवला यांनी टोल" असं कुरकुरत आपण पुढे जातो ती ही जागा.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे निघालो. बानमोर गेलं, नूराबादचा सांक नदीवरचा जुना पूल गेला, धुकं इतकं की पुढचा ट्रक दिसेना. आमच्याकडे जुन्या इंग्रजी नकाशाची झेरॉक्स होती. आमच्यातले दोघंतिघं डिप्लोमावाले, बांधकाम खात्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे जुना नकाशा नव्यावर बसवणं एवढं एक काम आम्हाला येतं. रस्ते बदलतात, गावं पसरतात, पण नदीची वळणं आणि बेहड फारसे हलत नाहीत. उत्तरेला क्वारी, दक्षिणेला आसन, मध्ये हिंगोना, महाराजपूर, छौंदा. एवढं जुळलं की बाकीचं आपोआप बसतं.

बांधावर उभं राहून नकाशा पसरला, तर दहा मिनिटांत गाव गोळा झालं. पहिला प्रश्न, "रस्ता रुंद होणार का? कोणाची जमीन जाणार?" आमच्या तोंडावरच खातं लिहिलेलं असणार. लढाईचं सांगितलं तेव्हा सगळे हसले आणि चहा आला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या नांगराला लोखंडी गोळा लागला होता. पुष्कळ वर्षं तो घरात दाराला अडसर म्हणून होता, पुढे भंगारात गेला. गोळा तोफेचाच होता का, हे आता कोण सांगणार? पण आम्ही त्या शेतात थोडं चालून आलो. आम्ही फिरलो तेवढ्या भागात आम्हाला एकही फलक दिसला नाही.

त्या सकाळी काय झालं? इंग्रजांची खात्री होती की शिंद्यांची फौज छौंद्याला आहे. सेनापती सर ह्यू गॉफ त्या हिशेबाने निघाला. एलनबरो स्वतः बरोबर होता, काही अधिकाऱ्यांच्या बायका हत्तींवर बसून आल्या होत्या. एवढी बेफिकिरी! पण आपल्या पलटणी रातोरात पुढे सरकून महाराजपूर गावात तोफा मांडून बसल्या होत्या. त्या धडाडल्या तेव्हा शत्रूची धांदल उडाली. गॉफने आपल्या मोठ्या तोफा मागे ठेवल्या होत्या, म्हणून त्याने पायदळाला सरळ संगिनी घेऊन तोफांवर घातलं. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. आधी महाराजपूर पडलं, मग छौंदा. प्रतिपक्षाच्या शौर्याचा आपला अंदाज चुकला, अशी कबुली गॉफने पुढे आपल्या अहवालात दिली.

तिथून परत येताना आम्ही गाडीत फारसे बोललो नाही. पुढच्या रविवारी शिवपुरीच्या वाटेने पनिहारला गेलो. तिकडे टेकड्या आहेत, आणि बुंदेलखंडाकडून आलेल्या जनरल ग्रेच्या फौजेशी आपले लोक याच टेकड्यांच्या आधाराने लढले. उत्तरेचं छौंदा आणि दक्षिणेचं पनिहार, दोन्ही ठिकाणं आग्रा-मुंबई रस्त्याच्या आसपास. म्हणजे गावाबाहेर कुठल्याही टोकाने निघा, आपण एका रणभूमीवरून जातो.

आता आकडे सांगतो, कारण सगळं दुखणं या आकड्यांतच आहे. महाराजपूरला इंग्रजांचे १०६ ठार, ६८४ जखमी आणि ७ बेपत्ता. पनिहारला ३५ ठार, १८२ जखमी. आपल्या बाजूचे? "सुमारे ३,०००", ठार आणि जखमी मिळून, आणि तोही अंदाज त्यांचाच. त्यांनी आपले बेपत्ता सातसुद्धा मोजले. आपल्यांना एका "सुमारे"त गुंडाळलं गेलं. त्या सुमारात आजींच्या यजमानांच्या आजोबांचे आजोबा असतील, नसतील.

पुढचं तर अजून चमत्कारिक आहे. महाराजपूर-छौंद्याला आपल्या ५६ तोफा त्यांच्या हाती लागल्या. लुटीच्या तोफांच्या धातूचे तारे पाडून त्यांनी ते आपल्या सैनिकांना पदक म्हणून वाटले. "ग्वाल्हेर स्टार" असं त्या पदकाचं नाव. आणि उरलेल्या धातूतून कोलकात्याला हुगळीच्या काठी स्मारक उभं राहिलं, १८४७ साली. त्याचं नाव "ग्वालियर मॉन्युमेंट". आमच्यापैकी दोघं मुलांच्या परीक्षेच्या निमित्ताने कोलकात्याला गेले तेव्हा मुद्दाम स्ट्रँड रोडला जाऊन आले. अष्टकोनी पांढरी इमारत, वर काशाचा घुमट. लोक त्याला मिरपुडीची डबी म्हणतात, कारण आकार तसाच. आत त्यांच्या मृतांची नावं कोरलेली आहेत. संध्याकाळी तिथे जोडपी फिरतात, झालमुडी खातात. आमचे दोघं बाहेर उभे राहून त्या घुमटाकडे पाहत होते. जिंसीच्या तोफा, आपल्या जिंसीच्या, तिकडे नदीकाठी घुमट होऊन बसल्या आहेत!

तुम्ही म्हणाल, म्हणजे आता इंग्रजांवर राग काढायचा का? तसं नाही. आम्हालाही आधी राग आला होता. पण आम्ही एकदा पुण्याला लग्नाला गेलो असताना खडकीचं युद्ध-दफनभूमीचं आवार पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या समाध्या तिथे आहेत. दगड सगळे एका मापाचे. साधा शिपाई असो की मोठा अधिकारी, उंची तीच. प्रत्येकावर नाव, पलटण, तारीख. कोणाच्या घरच्यांनी लिहून पाठवलेली एखादी ओळ. गवत कापलेलं, फुलझाडं लावलेली. पहिल्या महायुद्धात पडलेल्या आणि इथे ज्यांची समाधीच नाही अशांची नावंसुद्धा तिथे वेगळी कोरून ठेवली आहेत. तिथे विसाव्या वर्षी गेलेल्या एका परक्या पोराच्या दगडासमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा राग वगैरे काही उरला नाही. त्यांनी आपल्या मेलेल्यांना सांभाळलं, यात त्यांचा काय दोष? आपण आपल्यांना सांभाळलं नाही.

आणि "आपले" म्हणजे फक्त मराठी, असंही समजू नका. शिंद्यांच्या पलटणींत अवधचे पुरभय्ये होते, राजपूत होते, मुसलमान गोलंदाज होते. सरदार आणि स्वार पुष्कळसे मराठी. ते सगळे या लष्करातून, या कंपूतून बाहेर पडले. पडले तेही शेजारी शेजारीच पडले असतील. १३ जानेवारी १८४४ ला तह झाला. दरबारची फौज ९,००० वर आणली, त्यात पायदळ ३,००० आणि तोफा ३२. बाकीच्यांच्या हाती नारळ. त्या वर्षी या गावातल्या किती घरांतून पगार बंद झाला असेल, याचा विचार करा. नंतर राज्य सावरलं, शहर वाढलं, आणि हरलेल्या लढाईबद्दल बोलणं सगळ्यांनाच अवघड गेलं असावं. माणूस हरलेलं सांगत नाही. म्हणून मग घरच्यांनी पानिपत सांगितलं. तेही हरलेलंच, पण मोठं, सगळ्यांचं मिळून हरलेलं.

फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर आपण दर जूनमध्ये जातो. फुलं वाहतो, जवळच गंगादासांच्या शाळेतल्या साधूंची आठवण काढतो. परंपरा सांगते की ७४५ साधू तिथे पडले. ते चांगलंच आहे, आणि पोरांना घेऊन जावंच. पण त्याच गावाच्या पंचवीसचाळीस किलोमीटरवर अजून हजारो आहेत, ज्यांच्याकडे कोणी जात नाही.

आता तुम्हाला उत्सुकता असेल की त्या मित्राच्या घरच्या पूर्वजांचं नाव मिळालं का? माळ्यावरच्या पेटीत मोडीतले सहा कागद होते. आम्ही फार आशेने ते वाचून घेतले. पाचांत घोड्यांच्या हरभऱ्याचा आणि तुपाचा हिशेब निघाला, सहाव्यात एका घराच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी झालेली तक्रार. नाव नाही. तिथी जुळते, पिढ्या जुळतात, पेटीत घोड्यांचा हिशेब आहे, म्हणजे घरात स्वार होता. यापलीकडे छातीवर हात ठेवून काही सांगता येत नाही.

हे आम्ही काकूंना, म्हणजे त्या आजींच्या सूनबाईंना, सांगायला गेलो तेव्हा जरा ओशाळूनच गेलो होतो. इतकी पेट्रोलची नासाडी करून नावसुद्धा आणलं नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नाव नाही मिळालं तर नाही. सासूबाई एकाचं पान वाढायच्या. इतकी माणसं होती म्हणता, आणि त्यांचं कोणी करत नाही म्हणता. मी त्या सगळ्यांचं म्हणून वाढीन." गेल्या पंधरवड्यात त्यांनी तसंच वाढलं. आम्ही सगळे जेवायला होतो.

मंडळी, आमचं मागणं मोठं नाही. कोणतं स्मारक बांधा, सरकारकडे निवेदन द्या, असं आम्ही म्हणत नाही. सरकारी निवेदनाचं काय होतं ते आमच्याइतकं कोणाला माहीत! तीनच गोष्टी सांगतो.

एक, मंडळाच्या वाचनालयात आम्ही एक जाड वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी चतुर्दशीचं श्राद्ध होतं, किंवा "लढाईत गेले" असं कोणाबद्दल सांगितलं जातं, त्यांनी जे ठाऊक आहे ते तिच्यात लिहावं. नाव नसेल तर नात्याने लिहा, तिथी लिहा, आजी काय म्हणायच्या तेही लिहा. घरात ऐंशी वर्षांचं माणूस असेल तर आज रात्रीच विचारा. आमच्या मित्राच्या आजींना आम्ही अजून दहा प्रश्न विचारू शकलो असतो, पण तेव्हा सुचलं नाही.

दोन, माळ्यावरची मोडी रद्दीत घालू नका. हरभऱ्याचा हिशेब निघाला तरी चालेल.

तीन, यंदा २९ डिसेंबरला आम्ही छौंद्याला जाणार आहोत. महाराजपूरच्या बांधावर एक पणती लावायची, आणि दुपारपर्यंत पनिहारला दुसरी. भाषण नाही, बॅनर नाही. गावकऱ्यांना विचारून ठेवलं आहे, चहा त्यांच्याकडे. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी सहाला बाड्यावर यावं. स्वेटर घाला, आजी म्हणायच्या तशी थंडी त्या दिवशी खरोखरच मरणाची असते.

आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी पुढच्या वेळी छौंद्याला टोल भरताना एकदा उजवीडावीकडे बघावं. तेवढंही पुष्कळ झालं.

 आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!